मनकर्णेचं पडणं

फाल्गुनातला वारा वऱ्हाडात रिकाम्या हाताने येत नाही. धूळ आणतो, वाळली पानं आणतो, आणि ज्याला त्याला उगाच अस्वस्थ करून सोडतो. त्या ताम्रवर्णी सायंकाळी तो अकोल्यातल्या एका नाट्यगृहाभोवती घिरट्या घालत होता. आणि आत, पडद्यामागच्या निळसर अंधारात, हेमांगी घिरट्या घालत होती. ना त्याला थारा, ना हिला.

हेमांगी नृत्यदिग्दर्शिका. आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं तिने एकाच वेडापायी उधळली होती. कुबड्यांवरचे देह, चाकाच्या खुर्चीतले देह, दृष्टिहीन देह आणि धडधाकट देह एकाच मंचावर, एकाच लयीत नाचवायचे. लोक आधी हसले, मग हळहळले, मग उभं राहून टाळ्या देऊ लागले. हसण्याचं तिला काही वाटलं नाही. हळहळीचा मात्र तिला मनस्वी राग आला. म्हणून तिने व्रतासारखा एक नियम पाळला. माझ्या मंचावर कुणी पडणार नाही. प्रत्येक झोक्याला एक झेलणारा हात असेल. आणि खरंच, इतक्या वर्षांत कुणी पडलं नव्हतं.

आज मनकर्णा पडणार होती.

मनकर्णा इंगळे. पाय लहानपणीच लुळे पडलेले. पण बाहू असे बलशाली, असे लयवेल्हाळ, की खुर्चीची चाकं तिच्या तळव्यांखाली गात. नव्या नृत्यात तिला खुर्चीतून भुईवर कोसळायचं होतं, आणि मग केवळ कोपरांच्या, खांद्यांच्या बळावर अख्खा मंच पार करायचा होता. हेमांगीने झेलायला माणूस ठेवला. सकाळच्या तालमीत मनकर्णेने त्याला बाजूला सारलं.

"ताई, थो हात मले आडवा येते. पडू द्या ना मले."

"आणि लागलं तर? लोक हळहळले तर?"

"लागन तं लागन. घरी का मी कमी वेळा पडतो? पडल्यावर उठाचं कसं, थे तुमच्यापेक्षा मले जास्त समजते." मग खुर्ची वळवत म्हणाली, "झेलाचंच असन, तं मंग मी नाचतच नाही."

हेमांगीने होकार दिला. पण ओठावरचा होकार काही पोटात उतरला नाही.

पडदा सरला. केशरी प्रकाश ओघळला, मृदंगाचा धीरगंभीर घोष उठला. चाकं फिरली, चाकं गरगरली, चाकांनी वर्तुळामागून वर्तुळं रेखली. विंगेत उभ्या हेमांगीचा जीव टांगणीला लागला होता.

मग खुर्ची कलली. देह हवेत तरळला, आणि धाडकन फळ्यांवर आदळला.

"अगं बाई!" अंधारातून कुणी कळवळलं.

हेमांगीला भान राहिलं नाही. ती हात पुढे करून धावली. अंगावर प्रकाश पडला, तेव्हा तिला कळलं आपण काय करून बसलो. मागे फिरावं, तर साऱ्यांनी पाहिलेलं. हात देऊन उठवावं, तर मनकर्णेचं नृत्य तिथेच मेलं. ती लाजेने अर्धमेली झाली. जन्मभर लोकांच्या दयेवर रागावली ती, आणि आज तीच दया तिच्या पसरल्या हातावर उघडी पडली होती.

मनकर्णेने खालून वर पाहिलं. रागावली नाही. पुढे केलेल्या हाताकडे तिने लक्षच दिलं नाही. डोळ्यांनी फक्त शेजारची मोकळी भुई दाखवली.

आणि हेमांगी खाली आली. गुडघे टेकले, कोपर टेकले, छाती टेकली. सदैव उभं राहून इतरांना नाचवणारी ती, साऱ्या सभागृहादेखत पालथी झाली.

"कोपर पुढं घ्या, ताई," मनकर्णा कुजबुजली. "घाई नोका करू."

मृदंग मंदावला. पुढे मनकर्णा, मागे हेमांगी. ती सरके, ही सरके. ती वळे, ही अडखळे. ती थांबे, ही धापा टाके. सभागृहात कुणी हळहळलं नाही, कुणाला टाळीही सुचली नाही. तांबूस उजेडात दोन सावल्या भुईला बिलगून चालल्या होत्या, एक सराईत, एक शिकाऊ. आणि ती शिकाऊ सावली, श्वास आवरत, कोपर टेकत, पहिलीच्या मागे, मागे, मागे.