भाऊजींची दुरुस्ती

ऑफिसात सगळेच त्यांना भाऊजी म्हणत, पण नात्याने ते तिथल्या एकीचेच भाऊजी होते. तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ती नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी चारचौघांत तिच्या तोंडून 'भाऊजी' निघून गेलं आणि ते नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. पुढे वयाने मोठे साहेबसुद्धा फोनवर "जरा भाऊजींना द्या" म्हणू लागले. ते तिला धाकटी म्हणत, म्हणून ती सगळ्या ऑफिसची धाकटी झाली. तांत्रिक विभागाची प्रमुख झाल्यावरही धाकटीच राहिली.

कंपनीचं काम श्वासाची मशिनं पेशंटच्या घरी पोचवण्याचं. डॉक्टरांची मागणी आली की ती तपासणीला जायची, तिथून मंजुरीला, मग गोदामात, मग मशीन बसवणाऱ्याकडे. ही सगळी फिरवाफिरवी एक सॉफ्टवेअर करायचं. ते सॉफ्टवेअर मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर थेट बसवलेलं होतं आणि ते भाऊजींनी स्वतःच्या हाताने बसवलं होतं. कुठली फाइल कुठे आहे, कुठली सेटिंग कधी आणि कशापायी बदलली, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या खोलीत एसी इतका असायचा की ऐन उन्हाळ्यात ते स्वेटर घालून आत जात. "एवढं गार स्वागत तर माझ्या सासुरवाडीतही झालं नव्हतं," असं तिच्याकडे बघून म्हणत आणि स्वतःच हसत.

अडचण अशी होती की काहीही बदलायचं म्हटलं तरी सगळं बंद करावं लागायचं. एकदा असाच बदल चालू असताना गाडं अडकलं. सकाळची मागणी मंजुरीच्या टेबलापाशीच पडून राहिली. एका म्हाताऱ्या पेशंटची मुलगी थेट ऑफिसात आली. ओरडली नाही, भांडली नाही. काउंटरला टेकून उभी राहिली आणि वडिलांचा श्वास कसा चाललाय ते फोनवर आईला विचारत राहिली. मशीन पोचलं, पण दुपार उलटून गेल्यावर. ती मुलगी गेली तरी धाकटीला बराच वेळ काम सुचलं नाही.

त्यातच सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी कळवलं की यापुढे नव्या सोयी फक्त कंटेनरवाल्या पद्धतीत मिळतील. जुन्या पद्धतीत तेवढ्या दुरुस्त्या होतील, त्याही काही काळच. संचालक बाईंनी धाकटीला बोलावून घेतलं.

"दोन्ही पद्धती नीट तपासा आणि कुठली घ्यायची ते सांगा," त्या म्हणाल्या. "एक गोष्ट आधीच सांगते. जुनं ठेवलं तर भाऊजी हवेत. नवं घेतलं तर त्यांची जागा राहत नाही. वरून तसंच ठरून आलंय."

"ते नवं शिकतील की, बाई."

"शिकले तर माझं काहीच म्हणणं नाही. पण तुम्ही नातं बाजूला ठेवून सांगाल, एवढा भरवसा आहे मला."

धाकटी 'बरं' म्हणून बाहेर आली.

घरी कुणाला सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण भाऊजींना ऑफिसातूनच कुणकुण लागली होती. रविवारी ती ताईकडे गेली तेव्हा ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. आई गेल्यावर धाकटीला ताईनेच वाढवलं होतं. लग्न करून जातानाही बरोबर घेऊन गेली होती. भाऊजींनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

"तुझ्या हातात आहे म्हणे," ताई वर न बघता म्हणाली.

"माझ्या हातात फक्त तपासणं आहे गं."

"मग तपास आणि सांग जुनंच बरं म्हणून. खोटं ठरेल का ते?"

"ठरेल, ताई."

ताईने हातातली चादर पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली. "मला त्यातलं काही कळत नाही. त्यांना कामावरून काढलं तर ते दिवसभर घरात काय करतील, तेवढं मला कळतं."

तेवढ्यात भाऊजी बाहेर आले. "अगं, उगाच तिला का घोळात घेतेस? मी शिकतो ना. हे कंटेनर म्हणजे डबेच की नाही?"

"डबेच समजा," धाकटी म्हणाली. "सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं सामान एकाच डब्यात भरलेलं. काम वाढलं की तसलेच आणखी डबे चालू करायचे. बदल करायचा असला की एकेक नवा डबा ठेवत जायचं, सगळं बंद करावं लागत नाही."

"आणि डबा बिघडला तर?"

"टाकून द्यायचा. मूळ साच्यातून नवा काढायचा."

"म्हणजे दुरुस्त नाही करायचा?"

"करायचाच नाही. दुरुस्ती साच्यात करायची."

भाऊजी मान हलवत राहिले. "हे काही मनाला पटत नाही बघ," ते म्हणाले, पण समोर बसून राहिले.

त्यानंतर ते रोज जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडून शिकू लागले. कष्टात कसूर नव्हती. कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञा पाठ केल्या, आकृत्या काढल्या. पण चालू डब्यात काही खटकलं की त्यांचा हात आपोआप आत जायचा. "भाऊजी, आत नाही शिरायचं," ती म्हणायची. "हो हो, विसरलोच," म्हणून ते ओशाळं हसायचे.

चाचणीसाठी धाकटीने डबे वेगळ्या सर्व्हरवर उभे केले. सोमवारी सकाळी संचालक बाईंना दाखवायचं होतं. सगळे जमले. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या खुर्चीवर बसले होते. धाकटीने एक लुटुपुटीची मागणी टाकली. तपासणी झाली. मागणी मंजुरीपाशी आली आणि तिथेच थांबली. मंजुरी देणाऱ्या डॉक्टरांना निरोपच जाईना.

"शनिवारी तर जात होता," धाकटी पुटपुटली. तिने आत पाहिलं. निरोप पाठवण्याचा पत्ताच चुकीचा होता. पण मग शनिवारी निरोप गेला कसा? ती चक्रावून गेली.

भाऊजी हळूच उभे राहिले.

"तो पत्ता आधीपासूनच चुकलेला होता," ते म्हणाले. "शुक्रवारी माझ्या लक्षात आलं. मी आत जाऊन नीट केला. म्हटलं, हिची फजिती नको व्हायला."

"आत म्हणजे चालू डब्यात?"

"हो."

आता तिला उलगडा झाला. काल ठरल्याप्रमाणे तो डबा बंद होऊन त्याच्या जागी मूळ साच्यातला नवा आला होता, आणि भाऊजींची दुरुस्ती जुन्याबरोबर गेली होती. चूक तिची होती, पत्ता तिनेच चुकवला होता. तिने तसं सगळ्यांसमोर सांगितलं. साच्यात पत्ता बदलला, डबे नव्याने चालू केले, आणि चहा संपायच्या आत मागणी शेवटच्या टेबलापर्यंत सुरळीत गेली. चाचणी पास झाली. पण संचालक बाई भाऊजींकडे बघत होत्या, आणि त्या काय विचार करत होत्या ते कुणी सांगायची गरज नव्हती.

धाकटीने अहवाल लिहिला. तो लिहिताना तिने खूप पळवाटा शोधल्या. जुनं आणखी थोडे दिवस रेटता येईल, असं एक वाक्य लिहिलं. काउंटरला टेकून उभी राहिलेली मुलगी डोळ्यांपुढे आली आणि तिने ते खोडलं. शेवटी तिने लिहिलं की नव्या मागण्या कंटेनरमध्ये घ्याव्यात. अर्ध्यावर असलेल्या मागण्या उचलून तिकडे नेता येत नाहीत, त्या जुन्यातच पुऱ्या होऊ द्याव्यात. आणि दोन्हींकडे लक्ष ठेवायला भाऊजींना कायम ठेवावं.

शेवटचा मुद्दा सोडून सगळं मंजूर झालं. जुन्यातली शेवटची मागणी संपेपर्यंत भाऊजी राहणार होते.

त्यांनी मनात आणलं असतं तर ते संपणं लांबवता आलं असतं. विचारायला कुणी आलं नसतं. धाकटी तर मनातून तशीच आशा करत होती. पण भाऊजी स्वेटर घालून खोलीत बसत आणि रखडलेल्या मागण्या हातावेगळ्या करत. मशीन बसवणाऱ्यांना फोन लावत. "अहो, काम झालंय तर झालं म्हणून टाका ना, माझ्याकडे अजून उघडंच दिसतंय," असं प्रत्येकाच्या मागे लागत. आकडा खाली येत गेला. शेवटची मागणी पुरी झाली तेव्हा त्यांनी सर्व्हर बंद केला आणि धाकटीच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "झालं बाई तुझं." बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

ताई मात्र बोलेनाशी झाली. फोन उचलायची, "बरे आहेत" म्हणायची आणि ठेवून द्यायची.

डबे उत्तम चालले. बदल करताना कुणालाच खोळंबून राहावं लागत नव्हतं. पण वर्ष सरायच्या आत मुख्य कार्यालयाने दुसरीच एक कंपनी विकत घेतली. त्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर होतं, आणि यापुढे सगळीकडे तेच चालणार होतं. संचालक बाईंनी धाकटीला बोलावलं. या वेळी त्यांनी काही तपासायला सांगितलं नाही. तांत्रिक विभागच बंद होतोय आणि त्यांची स्वतःचीही बदली झालीय, एवढंच त्यांनी सांगितलं.

"मग आपण ते सगळं कशासाठी केलं?" धाकटीने विचारलं.

"तेव्हा हे कुणाला माहीत होतं?" बाई म्हणाल्या. त्याही थकलेल्या दिसत होत्या.

त्या रविवारी ती ताईकडे गेली. ताईने दार उघडलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत निघून गेली. भाऊजी खिडकीपाशी बसले होते. दाढी वाढली होती. मांडीवर वर्तमानपत्र होतं, पण ते वाचत नव्हते. तिला बघून त्यांनी ते घडी करून बाजूला ठेवलं.

"काय गं, चालू आहे ना सगळं?"

खरं सांगायला ती तोंड उघडणार होती. स्वयंपाकघरात ताईच्या हातातली भांडी वाजायची थांबली होती.

"चालू आहे," ती म्हणाली.

"मध्येच बंद वगैरे?"

"नाही. एकदाही नाही."

"मग तेव्हा बरोबर सांगितलंस तू," भाऊजी म्हणाले, आणि थोड्या वेळाने, ती ऐकतेय की नाही याची पर्वा न करता, पुन्हा म्हणाले, "बरोबरच सांगितलंस."

ती खाली मान घालून पाणी पीत राहिली. आत भांडी पुन्हा वाजू लागली.