गगनबावड्याकडं तोंड केलेली डिश

आमचे हे माझ्याशी बोलायला लागले, तवा मी खुळ्यागत हरकले. टेलिफोन खात्यात सगळी नोकरी झाली, साऱ्या जिल्ह्याची बोलणी ह्यांच्या हाताखालनं गेली, पण घरात पाय टाकला की गडी मुका. च्या टाक. ताट वाढ. दार लाव. एवढ्यावर आमचा संसार झाला. आणि रिटायर झाल्यावर एक दिवस जेवता जेवता मला विचारतात, ‘अगं, भाकरीच्या कडेला चिरा का पडतात?’

मला वाटलं टोमणा हाय. पण न्हाय, गडी खरंच विचारत होता. मग मी सांगितलं, पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, चिकटपणा ऱ्हात न्हाय, किती मळा, भाकरी फाटणारच. दुसऱ्या दिवशी विचारलं, पाणी कधी लावायचं. तिसऱ्या दिवशी, तवा तापला ते कसं वळखायचं. मी पोराला पुण्याला फोन करून सांगितलं, ‘प्रसेनजीत, तुझा बाप माणसात आला बघ.’

पोरगं हसलं. त्याला वाटलं, मी त्या डिशविषयी बोलतेय.

डिशचं सांगायचं ऱ्हायलंच. ह्यांनी परीक्षा दिऊन हौशी रेडिओचा, घरबसल्या परमुलखाशी बोलायचा, परवाना काढलाय. गच्चीवर एक पत्र्याची खोली, खोलीत यंत्रं, आणि बाहेर मावळतीला, गगनबावड्याकडं तोंड केलेली डिश. साऱ्या गावच्या डिशा एका दिशेला आणि आमची भलतीकडं. त्या अंगाला म्हणं कतार देशाचा उपग्रह हाय आणि त्यात ह्या हौशी लोकांसाठी जरा जागा ठेवलीय. प्रसेनजीत गणपतीच्या सणाला आलता, तवा ह्यांनी त्याला सगळं फोड करून सांगितलं, मी भजी तळत ऐकत होते. पयल्यांदा अमेरिकेनं नुसता चकचकीत फुगा सोडलेला वर, त्याच्यावर आवाज आपटून खाली यायचा. मग आवाजात जोर भरून खाली सोडणारी यंत्रं आली. आणि कुणीतरी त्याच्याबी आधी हिशेब घालून ठेवलेला, की छत्तीस हजार किलोमीटरवर ठेवलं, तर पृथ्वी जेवढी फिरते तेवढंच ते फिरतंय, म्हणून खालनं बघणाऱ्याला जागेवर उभं हाय असं वाटतं.

‘माझंबी तसंच हाय की,’ मी म्हटलं. ‘दिवसभर तुमच्यासंगं फिरते, आणि तुमाला वाटतंय मी चुलीपुढं बसलीया.’

पोरगं हसलं. ह्यांनी भजं उचललं.

तर भाकरीचं. चांगला महिनाभर चाललं. मी बी मग मोकळी झाले. मुरगूडचं माझं माहेर, आई, आबा, सगळं सांगितलं. माझी पयली भाकरी कशी वाकडीतिकडी झाली, आई म्हणाली म्हशीला घाल, आणि आबांनी ती ताटात वढून घेतली. ‘आजवर अशी खाल्ली न्हाय,’ म्हणाले, आणि सगळी संपवली. त्याच साली आबा गेले. ही गोष्ट मी कुणाला सांगितली न्हवती, पोरालाबी न्हाय. ह्यांनी विचारलं म्हणून सांगितली, आणि सांगताना रडले. हे घास हातात धरून ऐकत होते. मला वाटलं, उशिरा का हुईना, मला नवरा मिळाला.

मग एक दिवस दुपारी मिरच्या वाळत घालायला गच्चीवर गेले. पत्र्याच्या खोलीतनं बाईचा आवाज.

‘गणपतीजी, आपला आवाज फार सुंदर येत आहे. ओव्हर.’

आणि आमचा मुका गडी म्हणाला, ‘प्रेमिलाबाई, तुमचाबी अगदी कानाशी बोलल्यागत येतोय. कालची भाकरी फुगली का?’

मी तितंच मिरच्यांत बसले. ऐकता ऐकता कळलं, बाई मॉरिशसची. तिचं पणजोबा-खापरपणजोबा इकडनं ऊस तोडायला गेलेलं, तितंच ऱ्हायलं. मराठी पुस्तकातली, लिंग चुकलेली, पण गोड. तिला भाकरी शिकायची होती. आणि आमचे हे, ज्यांनी जन्मात परातीला हात लावलेला न्हाय, तिला सांगत होते, ‘तव्यावर पाण्याचा थेंब टाका. नाचला, की समजायचं तापला.’ ते माझं वाक्य. चुलीपुढं मी दिलेलं, गच्चीवरनं वर, वरनं मॉरिशसला.

म्हणजे मी काय होते? बियाणाचं पोतं. रिकामं केलं की झालं.

जळफळाट झाला माझा, लपवून काय करू. बरं, बाई वंगाळ बोलत असती तर भांडले असते. ती ‘आपण’ म्हणायची, ‘धन्यवाद’ म्हणायची. माझ्या भाकरीला धन्यवाद म्हणून ह्या घरात कोण म्हणालंय? आणि हे दुपारी वर जायच्या आधी केसाला पाणी लावून भांग पाडायचे. रेडिओवर दिसतंय काय टाळकं?

मग मी डाव टाकला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं, ‘बाजरीचं कसं करायचं?’ मी तोंड भोळं करून म्हटलं, ‘गार पाण्यात भिजवायचं, आणि दोन तास झाकून ठेवायचं.’ बाजरीला गरम पाणी लागतं आणि मळल्या मळल्या थापायची असते, पण त्यांनी ते खरं मानलं. एवढी वरसं माझ्या हातचं खाऊन गड्याला एवढंबी ठाऊक न्हाय, ह्याचाच मला आनंद झाला.

दोन दिवसांनी बाईची काय दशा झाली ते ऐकायला मी दाराआड जाऊन उभी ऱ्हायले. धोंडुबाई शेजारच्या गच्चीवर पापड उलटत होती, तिला बोटानं गप केलं.

‘गणपतीजी,’ बाई हसतच म्हणाली, ‘भाकरी तव्यावरच तुकडे तुकडे झाला. मी रडायला आले. मग मला आपल्या बहिणीची गोष्ट आठवली, त्यांच्या वाकड्या भाकरीची, आणि आपल्या वडिलांनी ती कशी प्रेमाने खाल्ली. मी तसेच तुकडे नवऱ्याला वाढले. त्याने सगळे खाल्ले. ओव्हर.’

भण. मला भण केली ह्या माणसानं. माझ्या आबांना आपला बाप केला.

मी दार ढकललं. ह्यांच्या हातातनं माईक घेतला, त्याचं बटण दाबून धरायचं असतं एवढं मी बघून ठेवलं होतं.

‘अगं ए बाई, भण न्हाय कोण, मी बायको हाय ह्यांची. आबा माझं. भाकरी माझी. ह्यांना परात कुठल्या फळीवर असते ते इचार, सांगता येतंय का बघ.’

आणि डोक्यावरच्या स्पीकरमधनं एक किरकिरी बाई मागोमाग भांडायला लागली. मी थांबले तर तीबी थांबली. तो माझाच आवाज होता, वर जाऊन परत आलेला, जराशा उशिरानं.

हे पांढरे पडले. ‘अगं, सोड ते. ब्राझीलपासनं थायलंडपर्यंत सगळी ऐकतात. बिनपरवान्याचं माणूस बोललं तर माझा परवाना जाईल.’

‘जाऊ द्या. भण का केली ते सांगा आधी.’

हे खाली बघत म्हणाले, ‘बायकोचं काय सांगायचं लोकांत? लाज वाटली.’

तेवढ्यात वरनं आवाज आला. ‘कोण बोलत आहे? कृपया आपले नाव सांगा. ओव्हर.’

रेडिओवर नाव सांगावंच लागतं, तसा नेम हाय त्यांचा. मी माईक ह्यांच्या तोंडापुढं धरला आणि बटण दाबलं.

‘सांगा.’

‘ह्या... आमच्या घरातनं बोलत्यात.’

‘नाव समजले नाही. ओव्हर.’

लग्न झाल्यापासनं ह्या माणसानं माझं नाव घेतलेलं न्हाय. ‘अगं’, ‘ए’, ‘ऐकलं का’. उखाण्यातबी पुटपुटले होते, सासूनं ऐकलं म्हणून सोडलं. मी बटण सोडलं न्हाय. ह्यांच्या कपाळाला घाम आला. धोंडुबाई हातात पापड धरून कठड्याला आलेली.

‘शेवंता,’ हे म्हणाले, तोंडातल्या तोंडात.

‘आवाज येत नाही. पुन्हा सांगा.’

तवा ह्यांनी घसा खाकरला, आणि खात्यात लाईनवर सांगायचे तसं मोठ्यानं सांगितलं. ‘शेवंता. शेतातला शे. वजनातला व, वर टिंब. ताटातला ता. शेवंता. माझी मंडळी. भाकरी तिची.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

‘शेवंताताई,’ प्रेमिला म्हणाली. एका दमात, न अडखळता.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, जरा हसलेबी. मी न्हाय हसले. जल्मभर मी वाट बघितली ती गोष्ट झाली, पण त्या बाईनं इचारलं म्हणून झाली. माझ्यासाठी न्हाय झाली.