प्रश्नानंतरची जागा

मित्रांनो, मी एक टेपरेकॉर्डर आहे. जुना आहे हे वेगळे सांगायला नको, कारण नवा टेपरेकॉर्डर तुम्ही पाहिलाच नसेल. काहींनी तर जुनाही पाहिला नसेल, म्हणून आधी रीतसर ओळख करून देतो. माझ्या छातीवर एक झाकण आहे. ते उघडून आत कॅसेट बसवायची आणि बटण दाबायचे. मग आतल्या दोन चक्र्या फिरतात, तपकिरी फीत सरकू लागते आणि तिच्यात साठवलेला आवाज मी बाहेर सोडतो. शेजारी लाल ठिपक्याचे आणखी एक बटण आहे. ते दाबले की मी बोलत नाही, ऐकतो आणि ऐकलेले जपून ठेवतो. माझ्या मते तेच माझे खरे काम. बोलायला काय, रेडिओही दिवसभर बडबडतो.

कारखान्यातल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. एकाने मोटर बसवली, दुसऱ्याने रबराचा पट्टा ताणून घातला, तिसऱ्याने कान लावून ऐकले आणि पाठीवर थाप मारून मला खोक्यात भरले. दुकानाच्या काचेआड बसलो तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. गाण्यांची हौस असलेला कोणी रसिक मला घेऊन जाईल, माझ्या तालावर लोक नाचतील, अशी स्वप्ने पाहत होतो. नशिबात निघाली इंग्रजीची शिकवणी!

मला विकत घेणारे सर उंच होते, खांदे थोडे पडलेले. बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांना सवय होती. ते आणि बाई, म्हणजे त्यांची बायको, दोघे मिळून मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. खालच्या मजल्यावर छापखाना होता आणि वर त्यांच्या वर्गाची खोली. छापखान्याचे यंत्र सुरू झाले की बाके थरथरत, आणि बाकांबरोबर विद्यार्थीही. विद्यार्थी म्हणजे दिवसभर राबून आलेली माणसे. शिवणकाम करणाऱ्या आणि हॉस्पिटलात रुग्णांची देखभाल करणाऱ्या बायका, आणि एक वायरमन, ज्याच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर कायम डोकावत असे.

बाजारात मिळणाऱ्या कॅसेटमधला साहेब इतक्या घाईने बोलायचा की आमच्या वर्गाच्या नाकी नऊ यायचे. म्हणून सरांनी ठरवले की आपल्या धड्यांच्या कॅसेट आपणच तयार करायच्या. दवाखान्यातला धडा झाला, स्टेशनवरचा झाला. सरांचा जीव मात्र पैशाच्या धड्यावर होता. त्यात किंमत, पगार, बचत, परवडणे असे सगळे शब्द होते आणि शेवटी माणसाला आयुष्यात काय मोलाचे वाटते ते सांगायचे होते. "पैशाचं इंग्रजी लोकांना पटकन येतं," सर म्हणायचे, "पण तुला काय जपावंसं वाटतं असं विचारलं की सगळ्यांची दातखीळ बसते. शब्द नसतात असं नाही. कोणी विचारलेलंच नसतं."

तो धडा रेकॉर्ड झाला तो दिवस मला लख्ख आठवतो. छापखान्याला सुट्टी होती. सर दुकानदार झाले होते आणि बाई गिऱ्हाईक. एक साधी छत्री घ्यायची तरी बाईंना पुढे करणारे आमचे सर, त्यांनी असा काही बेरकी आवाज काढून विचारले, "कॅन यू अफोर्ड इट?" म्हणजे, परवडेल का तुम्हाला? झाले! बाईंना हसू फुटले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा त्याच जागी बाई फिस्सकन हसल्या. तोंडावर पदर घेऊन झाला, भिंतीकडे तोंड करून झाले, पाणी पिऊन झाले. सर रागावल्याचा आव आणत होते, पण त्यांचाही आवाज हलू लागला होता. हसून हसून दोघांची पुरेवाट झाली.

शेवटी सर म्हणाले, "तू बोलूच नकोस. उत्तर मनातल्या मनात दे. देऊन झालं की मान हलव, मग मी पुढचा प्रश्न विचारीन. मधे जागा राहील ती राहू दे. तिथे आपले विद्यार्थी उत्तरं देतील."

तसेच केले. सर विचारत आणि थांबत. बाई मनात बोलत आणि मान हलवत. त्या थांबण्यात बाईंचा आवाज नव्हता, पण मी ऐकतच होतो ना! सरांचा श्वास ऐकला. खुर्चीची कुरकुर ऐकली. पुढचा प्रश्न विचारण्याआधीचे हलकेसे खाकरणे ऐकले. सगळे फितीवर उतरवून ठेवले.

शेवटचा प्रश्न होता, "व्हॉट डू यू व्हॅल्यू मोअर दॅन मनी?" पैशाहून तुला काय मोलाचे वाटते? सरांनी विचारले आणि ते थांबले. बाईंची मान काही हलेना. चक्र्या फिरत राहिल्या. खुर्ची एकदा कुरकुरली. सरांनी घाई केली नाही, खूण केली नाही, नुसते बाईंकडे पाहत बसले. बऱ्याच वेळाने बाईंनी मान हलवली तेव्हा सर म्हणाले, "व्हेरी गुड. थँक यू." आणि बटण बंद केले.

"एवढं काय लांबलचक उत्तर होतं?" त्यांनी विचारले.

"वाक्यरचना चुकली होती," बाई म्हणाल्या. "परत केली."

पुढची वर्षे सुखाची गेली. सर फळ्यावर शब्द लिहीत, बाई व्याकरण घोटून घेत आणि मग माझी पाळी येई. सगळा वर्ग त्या मोकळ्या जागांमध्ये एका सुरात उत्तरे देई. कोणी पगाराचा बचतीशी घोळ घाले, कोणाची क्रियापदे भलतीकडे पळत. वायरमन तर सर शेजारी उभे असतानाही माझ्याकडे पाहून "नो सर, आय कॅनॉट अफोर्ड" असे उभे राहून सांगे. सगळे खो खो हसत. शेवटच्या प्रश्नाला कोणी 'माय मदर' म्हणे, कोणी 'माय स्लीप'. हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या एकीने ते झोपेचे उत्तर दिले तेव्हा मात्र कोणी हसले नाही. मला सगळे सरांचा धाकटा भाऊ म्हणत. खोटे कशाला सांगू, मला ते फार आवडे.

मग सर आजारी पडले. हॉस्पिटलात गेले आणि परत आलेच नाहीत. वर्गाला कुलूप लागले. माझ्यावर धुळीचा थर चढला आणि कॅसेट माझ्या आतच राहिली.

एके दिवशी कुलूप निघाले. बाई एकट्याच आल्या. त्यांनी केर काढला, बाके पुसली, माझ्यावरची धूळ झटकली आणि हात थोडा वेळ तसाच माझ्यावर ठेवून बटण दाबले. सरांचा आवाज आला. "कॅन यू अफोर्ड इट?" बाईंनी ओठ घट्ट मिटले. मग स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "येस. आय कॅन." या वेळी त्या हसल्या नाहीत. त्या दुपारी माझ्यासमोर उभ्या राहून त्या किती रडल्या, ते मी कसे सांगू?

वर्ग पुन्हा भरू लागला. पण विद्यार्थी यायच्या आधी बाई रोज थोड्या लवकर येत आणि तो धडा एकट्या ऐकत. तुम्ही आज पैसे कशावर खर्च केले, असा एक प्रश्न त्यात होता. त्याचे उत्तर त्या आधी इंग्रजीत सुरू करत, मग आपल्या भाषेत घसरत. साबण महाग झाला, चपलेचा अंगठा तुटला, मुलाचा फोन आला होता. तेवढ्यात सर घसा खाकरून पुढचा प्रश्न विचारत. "थांबा की जरा! बोलतेय ना मी," बाई दटावत. शेवटच्या प्रश्नाला त्या काहीच बोलत नसत. सरांचा श्वास चालू असे, खुर्ची कुरकुरे, आणि बाई माझ्यावर हात ठेवून उभ्या असत. रेकॉर्डिंगच्या दिवशी हलली होती अगदी त्याच क्षणी त्यांची मान हले आणि सर म्हणत, "व्हेरी गुड. थँक यू."

सरांच्या बाकीच्या कॅसेटना बुरशी लागली. उरली ही एकच. रोजच्या वापराने तिचेही दिवस भरत आले होते. माझा पट्टा सैल पडला आणि सरांचा आवाज जड, झोपाळल्यासारखा येऊ लागला. वायरमनने मला खोलले, नवा पट्टा घातला, फितीवरचा आवाज टिपणारे हेड कापसाने पुसले. "बाई, मशीनचं मी बघतो," तो म्हणाला, "पण फीत झिजलीय. मोबाइलवर उतरवून घ्या." बाईंना ते पटत होते, पण कॅसेट कोणाच्या हाती द्यायची म्हटले की त्या माझे झाकण दाबून धरत. न ऐकावी तर दिवस जात नाही, ऐकावी तर फीत झिजते, अशी त्यांची कोंडी झाली होती.

मुलगा परगावी नोकरीला होता. तो आला तेव्हा त्याला हे कळले. मुलगा गुणी, आईवर जीव असलेला. म्हणाला, "आई, एवढं एक काम माझ्यावर सोपव."

"जपून रे. ही एकच आहे," बाई म्हणाल्या. माझे झाकण त्यांनी स्वतः उघडले आणि कॅसेट रुमालात गुंडाळून त्याच्या हातात दिली.

चारच दिवसांत तो नवा कोरा मोबाइल घेऊन वर्गात आला. बाईंनी कौतुकाने सगळ्या विद्यार्थ्यांना बोलावले होते. मोबाइल माझ्याच शेजारी टेबलावर ठेवला गेला. मला जरा हेवा वाटला, पण सरांचा आवाज वाचला याचा आनंद मोठा होता.

त्याने बटण दाबले आणि काय सांगू, सर जणू दारातून आत आले! खरखर नाही, जडपणा नाही. बाईंचा चेहरा उजळला. "कॅन यू अफोर्ड इट?" सरांनी विचारले. बाईंनी उत्तरासाठी तोंड उघडले आणि सरांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला. मग त्याच्या पुढचा. मग आणखी पुढचा. बाई प्रत्येक वेळी तोंड उघडत आणि मिटत. "व्हॉट डू यू व्हॅल्यू मोअर दॅन मनी? व्हेरी गुड. थँक यू." धडा संपला.

बाईंनी मोबाइल उचलून उलटसुलट पाहिला.

मुलगा हसत म्हणाला, "कसं सुटसुटीत झालं ना? मी दुकानात मुद्दाम सांगितलं, खरखर काढा आणि मधे मधे ज्या रिकाम्या जागा आहेत त्याही काढा. उगाच वेळ जात होता."

"आणि कॅसेट?" बाईंनी विचारले.

"ती आता कशाला? पार झिजली होती. टाकून द्या म्हटलं मी."

वायरमन चटकन उठला. "बाई, हरकत नाही. प्रत्येक प्रश्नानंतर मी हे बोटानं थांबवतो. जागा होईल." त्याने तसे करून दाखवले. सर विचारत आणि वायरमन बोट दाबे. मोबाइल गप्प होई. अगदी गप्प, दगडासारखा. बाई कान देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी मान नकारार्थी हलवली आणि पदराने डोळे टिपले.

मुलगा गोंधळला. "आई, काय चुकलं? तिथे काहीच नव्हतं गं."

"तिथे तुझे बाबा होते रे," बाई म्हणाल्या.

क्षणभर त्याला उमगले नाही. उमगले तेव्हा तो तसाच जिना उतरून धावत सुटला. पण दुकानदाराने कॅसेट केव्हाच कचरागाडीत दिली होती आणि जागा न कापलेली पहिली नक्कलही पुसून टाकली होती. परत येऊन तो मागच्या बाकावर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. बाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. रागाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. "आवाज छान झालाय," एवढेच म्हणाल्या, आणि मला वाटते तेच त्याला जास्त लागले.

मित्रांनो, आता पैशाचा धडा बाई स्वतःच घेतात. प्रश्न त्या विचारतात आणि विद्यार्थी उत्तरे देतात. शेवटच्या प्रश्नाला सगळे अडखळतात, बाकावर चुळबुळ करतात. बाई घाई करत नाहीत. माझ्यात आता कॅसेट नाही. तरी वर्ग भरायच्या आधी बाई येतात, मला पुसतात आणि माझ्यावर हात ठेवून उभ्या राहतात. त्यांची मान मात्र आता हलत नाही. विद्यार्थ्यांची पावले जिन्यावर वाजेपर्यंत त्या तशाच उभ्या असतात.

जुन्या वस्तू टाकूच नका असे मी म्हणणार नाही. जागा लागते, आणि मलाही कधीतरी जायचेच आहे. मागणे एवढेच आहे, की टाकण्याआधी ती वस्तू ज्याची आहे त्या माणसाला एकदा विचारा. आणि विचारलेत की लगेच पुढे बोलू नका. त्याचे उत्तर येईपर्यंत थांबा.