अंगकाठी

व्हॅलेंटाइननी नातीच्या ताटातला निम्मा भात उचलला आणि समोर बसलेल्या लेकीच्या, रेनीच्या ताटात लोटला.

“ग्रँपा, दॅट वॉज माइन,” सीना म्हणाली.

“तुझ्या मम्मीकडे बघ. नुसती काडी झालीये.”

जावई फेटू हसला. “ओल्ड मॅन, सीना माझ्या आईवर गेलीये. आमच्या सामोआत याला तब्येत म्हणतात.”

व्हॅलेंटाइन हसले नाहीत. नऊ वर्षांची पोर आईच्या खांद्याला लागली होती आणि अंगानं तिच्या दुप्पट. डॉक्टरांच्या तक्त्यातही तिचं वजन रेषेच्या वर गेलेलं. साखरेनं त्यांच्या आईचा पाय घेतला होता, त्यांना स्वतःला इन्सुलिनवर आणलं होतं. आता आपलंच रक्त या पोरीच्या अंगात दबा धरून बसलंय, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. लॉकडाउनमध्ये परदेशातल्या, वेरिबी उपनगरातल्या त्या घरात मनाला दुसरीकडे जायला वाटही नव्हती.

सीनाच्या रक्ततपासणीचा निकाल दुसऱ्या दिवशी फोनवर कळणार होता. सकाळपासून ते दारापर्यंत जात, मास्क चढवत, पुन्हा काढून खिशात कोंबत आणि परत फिरत. रेनी फोन संपवून खोलीबाहेर आली तेव्हा ते पॅसेजमध्येच उभे होते.

“सीनाची साखर नॉर्मल आहे, डॅडी.”

“नीट विचारलंस ना?”

“विचारलं रे. डॉक्टर म्हणाले, सामोअन लोकांत बऱ्याच जणांकडे एक जीन असतो. त्यानं अंग भरतं, उंचीही थोडी वाढते, पण डायबिटीसचा धोका उलट कमी होतो. सीनाकडे तो आहे की नाही, ते काही तपासलेलं नाही. पण तिला उपाशी ठेवू नका, म्हणाले.”

व्हॅलेंटाइननी भिंतीला पाठ टेकली. कितीतरी दिवसांनी श्वास पोटापर्यंत उतरला.

“बापाच्या वळणावर गेली. देवानं राखलं.”

रेनी हलली नाही. मनगटावर सैल झालेलं घड्याळ ती गोल गोल फिरवत राहिली.

“तुझा आजार सांगितल्यावर त्यांनी माझंही रक्त घेतलं होतं,” ती म्हणाली.

रेनीनं आवाज खाली आणला. आतल्या खोलीत सीनाचा ऑनलाइन वर्ग चालू होता.

“डॅडी, साखर बघायला कोणत्या बोटाला टोचलं की कमी दुखतं?”

व्हॅलेंटाइननी आपले दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरले. एकेक बोट दाबून पाहिलं. त्यांना एकही सांगता येईना.