चार बोटं कापड

शिंप्याने कोट टेबलावर पसरला, बाहीचं टोक उलटं केलं आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"बाह्या आखूड पडतात. थोड्या लांब होतील का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

विचारलं ते शिंप्याच्या मायबोलीत. या परक्या गावात ती बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. दुकानाची पाटी मात्र त्याने त्याच अक्षरांत रंगवली होती. इथल्या लोकांना ती नक्षी वाटायची. वाटेना का, ती त्यांच्यासाठी नव्हतीच. नऊ वर्षांपूर्वी वाटेत ताटातूट झालेला धाकटा भाऊ कधी या रस्त्याने गेलाच, तर त्याला वाचता यावी, एवढ्यासाठी ती होती. त्यापायी शिंप्याने मोठ्या शहरातली दोन कामं नाकारली. दुपारी दोन-दोन तास दारं लावून घेणाऱ्या या सुस्त गावात तो ठाण मांडून बसला होता.

आणि आता टेबलावर धाकट्याचा कोट होता. एकेरी दोरा, कडेला गाठ. गाठ कापून ओढलं की अख्खी दुमड सुटावी, असा टाका दुसरं कुणी घालत नाही. सोळा वर्षांचं पोर, नुसतं उंच होत चाललेलं. बाहीत चार बोटं कापड दुमडून शिंप्याने त्याला बजावलं होतं, "आखूड झाला की दोरा ओढ. नवा मागायला येऊ नकोस."

त्याने मान वर केली. गिऱ्हाइकाची दाढी पिकली होती, गाल बसले होते, पण माणूस तोच. मायदेश सोडताना तिघं एकाच ट्रकमधून निघाले होते. तापाने फणफणलेल्या शिंप्याला वाटेतल्या दवाखान्यात सोडावं लागलं, तेव्हा याच गवंड्याने धाकट्याचा हात धरला होता. "पोटच्या पोरासारखा जपेन," म्हणाला होता.

"गवंडीदादा."

गवंड्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मास्तर? मी आपला पाटी वाचून आत आलो. तुम्ही असाल असं..."

"धाकटा कुठाय?"

"मजेत आहे," गवंडी घाईघाईने म्हणाला. "माझ्याहून उंच झालाय. कोट त्यानेच दिला. त्याला आखूड झाला ना."

शिंप्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. हेच ऐकायला तर तो नऊ वर्षं तग धरून होता. त्याने विश्वास ठेवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून केला. पत्ता घ्यावा, आजच निघावं, पोराला दोन शिव्या हासडाव्यात.

"लग्नबिग्न केलं का?"

"केलं की."

"अजून झोपेत बडबडतो?"

गवंड्याने होकाराची मान डोलावली.

बोटाखाली गाठ तशीच होती. शिंप्याने कातरीच्या टोकाने ती कापली आणि दोरा ओढला. दुमड सर्रकन सुटली. बाकीचा कोट उन्हापावसाने विटला होता, ही चार बोटं मात्र गडद निळी, कालच ताग्यावरून कापल्यासारखी.

गवंडी त्या पट्टीकडे बघत राहिला. मग स्टूल ओढून बसला.

"कितव्या दिवशी?" शिंप्याने विचारलं.

"सहाव्या. डोंगरात." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "कुशीत घेऊन बसलो होतो मी त्याला, मास्तर. माझ्या अंगात फक्त सदरा. तोच म्हणाला, दादा, कोट तुम्ही घाला, मला आता गार वाटत नाही."

शिंप्याला ओरडायचं होतं, या माणसाचं नरडं धरायचं होतं. बाहेर गाव दुपारची दारं लावून घेत होतं. त्याने इस्त्री तापवली. दुमडीची खूण जाईना, तरी दोनदा फिरवली. मग गवंड्याला उभं करून कोट त्याच्या अंगावर चढवला. डावी बाही मनगटावर नीट आली. उजवी अजून चार बोटं वरच होती.

"तोही हात पुढे करा," शिंपी म्हणाला आणि त्याने पुन्हा कातर उचलली.