रेडिएटरवरची टोपी

ग्विलिमबाबा शुक्रवारपर्यंतच्या बोलीवर लेकीकडे राहायला आले होते. बुधवार उजाडला तरी त्यांच्या अंगातला कोट काही उतरला नव्हता.

नेरिसच्या मनात बोली वेगळीच होती. आई गेल्यापासून बाबा टेकडीवरच्या घरात एकटे, चहात बिस्किट बुडवलं की झालं जेवण, असं चाललेलं. त्यांनी इथंच राहावं, कायमचं, असं तिला वाटत होतं. पण तसं तोंडावर म्हटलं तर म्हातारा दाराबाहेर पळेल, म्हणून आठवडाभराचं निमित्त. वरच्या मजल्यावरची मागची खोली तिने स्वतः रंगवली, नवी चादर घातली. आणि नेमकी तीच खोली घरात सगळ्यात गारठलेली निघाली.

"झोप लागली का, बाबा?"

"लागली की. नाक तेवढं जागं होतं."

"सासरेबुवा, बॉयलर म्हातारा झालाय," डेल्विन टोस्टला लोणी फासत म्हणाला. "तुमच्याच वयाचा असेल."

"मग त्याला माझ्यासारखं काम करायला सांग. मी चाळीस वर्षं खाणीत उतरलो, एक खाडा नाही!" बाबा उठले आणि जाता जाता घराची ऊब ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटची चकती तीस अंशांवर फिरवून गेले. ते आले की गॅस वाढवल्यासारखी ती चकती फिरवायचे, आणि ते गेले की नेरिस गुपचूप एकोणिसावर आणायची. तिसावर ठेवल्यानं घर लवकर तापत नाही, किती तापल्यावर थांबायचं एवढंच त्याला कळतं, हे तिने दोनदा समजावलं होतं. "बरं," म्हणायचे आणि पुन्हा फिरवायचे.

दुपारी मबली झोपली. सात महिन्यांचं पोर झोपलं की आईला जी पाऊण तासाची जहागीर मिळते, तीत नेरिस भांडी घासायची नाही, नुसती बसायची. आज ती पुढच्या खोलीत बसली. गॅसची शेगडी ढणढणत होती. बाबा सकाळीच ती पेटवायचे, "पोरीला ऊब हवी," म्हणून. आणि शेगडीवरच्या फळीवर, घड्याळाशेजारी, तो थर्मोस्टॅट! ऐटीत शेकत बसलेला.

नेरिस हसलीच. तो बिचारा काय करणार? त्याच्या पाठीला ऊब लागतेय, म्हणजे सारं घर उबदार आहे असं त्याला वाटतं. तो बॉयलरला सांगतो, झोप आता. आणि मागच्या खोलीत बाबा कुडकुडतात. नातीसाठी पेटवलेली शेगडीच आजोबांना थंडीत ढकलत होती.

थर्मोस्टॅट बिनतारी होता. तिने तो उचलला, मागच्या खोलीत नेऊन कपाटावर ठेवला आणि तिथल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पुढची खोली शेगडीने तापली तर तिथला व्हॉल्व्ह आपला आपण मिटेल. ज्याला थंडी वाजते त्याच्याच हाती हुकूम द्यायचा, झालं.

गुरुवारी सकाळी बाबा खाली आले. कोटासकट.

"मध्यरात्रीपर्यंत छान होतं," ते म्हणाले. "मग पुन्हा तेच. राहू दे गं पोरी. उद्या जातोच आहे."

बॉयलर तर रात्रभर गुरगुरत होता! नेरिस मबलीला कडेवर घेऊन वर गेली. खोली गार, आणि कपाटावरचा थर्मोस्टॅट गरम हवा मागून मागून दमलेला. तिने रेडिएटरला हात लावला. वरचा काठ जेमतेम कोमट. कोपऱ्यातल्या व्हॉल्व्हवर बाबांची चपटी टोपी घट्ट बसवलेली होती. तिने टोपी उचलली. आतून कशी उबदार होती!

"बाबा, ही टोपी इथं रोज असते?"

बाबा मागोमाग येऊन दारात उभे होते. थोडे ओशाळले. "रात्री आत येतो तेव्हा डोक्यावरच असते. झोपताना तिथं ठेवतो. सकाळी गरम मिळते." मग टोपीकडे बघत, "तुझी आई ठेवायची ना शेगडीच्या कठड्यावर. पहिल्या पाळीला निघताना मी ती गरम गरम घालायचो. पन्नास वर्षांची सवय, बये."

मबलीने टोपीचं टोक तोंडात धरलं होतं.

"या व्हॉल्व्हच्या डोक्यात मेण असतं, बाबा," नेरिस म्हणाली. "खोलीची हवा तापली की ते फुगतं, रेडिएटरमध्ये येणारं गरम पाणी बंद. तुम्ही त्याला टोपी घालता. टोपीखाली उकडतं, त्याला वाटतं खोली तापली, आणि तो मिटतो."

बाबांनी व्हॉल्व्हकडे बघितलं, मग टोपीकडे. "म्हणजे चार रात्री मी टोपीला उबेत निजवलं आणि स्वतः गारठलो?"

"तसंच."

"डेल्विनला सांगू नकोस."

"छे!" नेरिस म्हणाली, आणि जेवायच्या आत सांगून टाकलं.

शुक्रवारी नेरिस लवकर उठली. मबलीला दूध पाजता पाजता तिने शेगडी लावली आणि टोपी जवळच्या स्टुलावर ठेवली, जळणार नाही इतक्या अंतरावर. जिन्यावर पावलं वाजली. बाबा आले ते नुसत्या शर्टात, बाह्या दुमडून.

"काय उकडतंय गं वर!" ते कुरकुरले. "खिडकी उघडावी लागली."

"चकती खाली करा मग. तुमच्याच खोलीत आहे."

तिने टोपी पुढे केली. बाबांनी ती दोन्ही हातांत घेतली, आतून चाचपली आणि डोक्यावर चढवली.

डेल्विन गाडीच्या किल्ल्या वाजवत आला. "निघायचं ना, सासरेबुवा?"

"निघू की," बाबा म्हणाले. "टेकडीवरच्या घरातली माझी खुर्ची तुझ्या गाडीत मावेल का, तेवढं सांग. आणि परतताना थोडे कांदे घेऊ. ही सूप पातळ करते."