गोरखनानांची बासष्ट नावं

"बाई, म्या हजारभर लग्नं बोललोय. ह्यो डबा मला वाचायला शिकवनार?"

गोरखनानांनी भोरच्या दवाखान्यात बोलायचा सराव करून घेणाऱ्या शेफालीमॅडमना हे ऐकवलं खरं, पण अर्धांगाच्या झटक्यानंतर जीभ जड झालेली. वाक्य संपेस्तोवर मॅडमचा चहा निवला. त्यांनी टॅबलेट पुढं सरकवला. त्यावर एक वाक्य आणि शब्दाशब्दावरून सरकणारी हिरवी पट्टी. पट्टीबरोबर वाचायचं. घाई केली की पट्टी परत पहिल्या शब्दावर.

नानांनी श्वास घेतला आणि 'कमळ तळ्यात फुलते' एका दमात उडवलं.

"सावकाश," टॅबलेट म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून."

अकरा वेळा झालं, कमळ काही फुललं नाही.

घाई हाच तर नानांचा धंदा होता. किकवीपासून वेल्ह्यापर्यंत लग्नात माइकवरून पाहुण्यांचं स्वागत करायचे. सरपंच, चेअरमन, माजी चेअरमन, एका श्वासात चाळीस नावं. आता त्यांच्याच लेकीचं, प्रेरणाचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं, आणि माइक नव्यानंच लग्नं बोलू लागलेल्या पप्पूकडं जाणार अशी गावात चर्चा होती.

"आबा, पप्पू बोलंल की," प्रेरणा म्हणाली. "तुमी बसा निवांत खुर्चीत."

"माज्या लेकीच्या लग्नात पप्पू? मग म्या गेलोच आसं समज."

प्रेरणानं टॅबलेटातलं कमळाचं वाक्य पुसलं आणि तिथं पाहुण्यांची यादी भरली. बासष्ट नावं. नाना रोज गोठ्यात म्हशीपुढं वाचायचे. म्हैस सरपंचांच्या नावाला कान हलवायची, माजी सरपंचांच्या नावाला शेण टाकायची.

लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा. नाना टॅबलेट धरून माइकपुढं उभे राहिले. एकेक नाव सुटं, स्वच्छ आलं. आपलं नाव इतकं नीट कुणी कधी ऐकलंच नव्हतं. माणसं उठून हात जोडू लागली. ज्यांची नावं यादीत नव्हती त्यांच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या.

चोपन्नाव्या नावाला गुरुजींनी घड्याळ दाखवलं. नानांनी वेग वाढवला.

"सावकाश," टॅबलेट माइकवरून अख्ख्या मांडवाला म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून."

सरपंच पुन्हा उठले, पुन्हा हात जोडले. मागं कुणीतरी फिसकन हसलं. पप्पू हात पुढं करून आला.

"नाना, द्या हिकडं."

नानांनी त्याच्या हातात टॅबलेट दिला. माइक धरूनच ठेवला.

"माजी... लेक... प्रेरणा," ते पट्टीशिवाय म्हणाले. "हिच्या... लग्नाला... आलात. बरं... वाटलं."

शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू गेलं. अंतरपाटाच्या अलीकडं प्रेरणा शालूच्या पदरानं नाक पुसत होती.

मुहूर्त टळून वीस मिनिटं झाली होती. गुरुजींनी मंगलाष्टकं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात अंतरपाटापलीकडून एक चिठ्ठी आली.

नवरदेवाची होती. त्याचं नाव यादीत राहिलं होतं.